खणात पडून राहिलेले निकाल जगापुढे कसे ठेवायचे

२००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एरिक टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या औषधांचा एक हिशेब मांडला. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे या औषधांच्या ७४ चाचण्यांची नोंद होती. नियामकाच्या मते त्यातल्या ३८ चाचण्यांत औषध गुणकारी ठरलं होतं आणि त्यांपैकी ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ मध्ये निकाल नकारात्मक किंवा शंकास्पद होता. त्यातल्या २२ कुठेही छापल्या नाहीत, ११ अशा शब्दांत छापल्या की वाचणाऱ्याला औषध लागू पडलं असंच वाटावं आणि जसा निकाल तसाच सांगणाऱ्या निघाल्या फक्त ३. निव्वळ जर्नलं वाचणाऱ्या डॉक्टरला जवळजवळ प्रत्येक चाचणी यशस्वी दिसत होती. नियामकाच्या दप्तरात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं.

औषधांचं उदाहरण टोकाचं आहे, पण हा प्रकार प्रत्येक विषयात चालतो. ज्या प्रयोगातून काही निघालं नाही, जो प्रकल्प अर्ध्यावर थांबला, प्रबंधातलं जे प्रकरण पेपर होण्याइतकं मोठं नव्हतं, ते सगळं लॅबमधल्या एखाद्या हार्ड डिस्कवर पडून राहतं. विद्यार्थी पास होऊन जातो, डिस्क बिघडते, आणि दुसरीकडे कुणीतरी तोच प्रयोग पहिल्यापासून सुरू करतो.

खुल्या प्रवेशाची (संशोधन कुणालाही मोफत वाचता आणि वापरता यावं या कल्पनेची) चर्चा बहुतेक वेळा छापून आलेल्या पेपरांवरच अडते: वर्गणी कोण भरतो, लेखकाकडून शुल्क का घेतात वगैरे. पण २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यातच, म्हणजे ही कल्पना जिथे प्रथम नीट मांडली गेली तिथे, पीअर रिव्ह्यू (विषयातल्या इतर तज्ज्ञांकडून तपासणी) न झालेल्या प्रीप्रिंटचाही, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधी खुल्या केलेल्या लेखाचाही, उल्लेख होता. न छापलेले निकाल खुले करायला जर्नलची परवानगी लागत नाही, शुल्क लागत नाही. लागते ती थोडी मेहनत, आणि ती नेमकी कुठे करायची हे खाली सांगतो.

आधी बघा: हे तुमच्या एकट्याचं आहे का?

घाई करून अपलोड करणारे इथेच अडकतात. प्रयोग तुम्ही केला असेल, पण नमुने दुसऱ्या लॅबचे, निधी तिसऱ्याचा आणि कल्पना गाईडची, असं सहसा असतं. प्रत्येक सहकाऱ्याला ईमेल करा आणि लेखी होकार घ्या. ईमेल मोघम नको. 'डेटा शेअर करू का?' असं विचारलं तर सहा महिने उत्तर येत नाही. 'अमुक तीन फाइली आणि दोन पानांचं टिपण अमुक रिपॉझिटरीवर, अमुक परवान्याखाली, या क्रमाने नावं घालून टाकतोय. मसुदा जोडलाय, हरकत असल्यास या तारखेपर्यंत कळवा' असं लिहिलं की लोक उत्तर देतात (रिपॉझिटरी म्हणजे संशोधनाच्या फाइली जपून ठेवणारं ऑनलाइन भांडार). तरीही उत्तर आलं नाही तर गप्प बसणं म्हणजे संमती असं धरू नका, फोन करा.

पेटंटचा विचार आत्ताच करा, नंतर उपयोग नाही. युरोपात अर्ज करण्याआधी शोध कुठेही जाहीर झाला असेल, तर नावीन्य संपलं असं मानतात, आणि प्रीप्रिंट किंवा खुला डेटासेट हेही जाहीर करणंच आहे. अमेरिकेत शोधकर्त्याला स्वतः जाहीर केल्यापासून एका वर्षाची सवलत असते, पण ती सगळीकडे नसते. शंका असली तर संस्थेच्या पेटंट विभागाला विचारून मगच पुढे जा.

माणसांचा डेटा असेल तर आणखी सावध. नाव आणि फोन नंबर काढला की ओळख पुसली, हा समज चुकीचा आहे. पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के लोकसंख्या एकमेव ठरू शकते, असा अंदाज लतान्या स्वीनी यांनी २००० साली मांडला होता. म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट द्या, गावाऐवजी विभाग द्या, आणि सहभागींनी दिलेल्या संमतीपत्रात डेटा इतरांना देण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. त्यात परवानगी नसेल तर फाइली बंद ठेवून फक्त वर्णन खुलं करता येतं. तोही चांगला मार्ग आहे, कारण असा डेटा अस्तित्वात आहे एवढं तरी इतरांना कळतं. फोटो टाकत असाल तर फाइलीच्या आत दडलेलं जीपीएस स्थान काढून टाका. दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या जागाही नेमक्या देऊ नयेत. ती यादी तस्करही वाचतात.

कोणत्या रूपात टाकायचं

प्रत्येक निकालाचा पेपर व्हायला हवा असं नाही. नुसती मोजमापं असतील तर डेटासेट पुरतो. पद्धत नवीन असेल तर ती प्रोटोकॉल्स डॉट आयओसारख्या ठिकाणी स्वतंत्रपणे मांडता येते. प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष असं सगळं सांगण्यासारखं असेल तर प्रीप्रिंट. जीवशास्त्रात एकाच आकृतीत मावणारा निकाल असेल तर 'मायक्रोपब्लिकेशन बायॉलॉजी' तो पीअर रिव्ह्यू करून छापतं, आणि नकारात्मक निकालही घेतं.

मनात धाकधूक असेल की 'बिना जर्नलचं' लेखन कोण मोजतं, तर गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन आठवा. प्वांकारेचं अनुमान सिद्ध करणारे त्यांचे तीन लेख २००२ आणि २००३ मध्ये आर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या साइटवर आले आणि त्यांनी ते कधीच जर्नलकडे पाठवले नाहीत. २००६ मध्ये त्यांना फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान जाहीर झाला, तोही त्यांनी नाकारला. आपण काही पेरेलमन नाही, हे खरं. पण मुद्दा एवढाच, की तपासणारे लोक मजकूर तपासतात. तो कुठे ठेवलाय याने गणित बदलत नाही.

फाइली माणसात आणणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. कसोटी एकच: तुमच्याशी एक शब्दही न बोलता, पाच वर्षांनी, कुणा अनोळखी माणसाला हा डेटा वापरता येईल का?

एक्सेलपासून सुरुवात करू. एक्सेलमध्ये 'मार्च१' किंवा 'सेप्ट२' अशा नावाचं जनुक इंग्रजीत टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकायचं. २०१६ मधल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे एक-पंचमांश पेपरांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच ही नावं बदलली. सॉफ्टवेअर बदलेना, म्हणून जनुकांची बारशी पुन्हा करावी लागली! तेव्हा अंतिम फाइल सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारी साधी टेक्स्ट फाइल), यूटीएफ-८ एन्कोडिंगने (सगळ्या लिप्यांची अक्षरं नीट राखणारी पद्धत) साठवा आणि ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून एकदा डोळ्यांनी तपासा. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा. सेलला रंग देऊन माहिती साठवली असेल ('पिवळे म्हणजे संशयास्पद') तर तिचा वेगळा रकाना करा, कारण सीएसव्हीत रंग टिकत नाही.

मोजमाप झालं नाही ती जागा कशी दाखवलीय, हेही बघा. कुठे रिकामी, कुठे ०, कुठे -९९९ असेल तर एकच खूण ठरवा. शून्य हे मोजमाप असतं, ते 'माहीत नाही'साठी वापरलं की सरासरी चुकलीच.

त्यानंतर रीडमी, म्हणजे बाकीच्या फाइलींत काय आहे हे सांगणारी फाइल. बहुतेक लोक त्यात प्रकल्पाचं नाव आणि दोन ओळी टाकून मोकळे होतात. समजा, एखाद्या संयुगाने जिवाणूंची वाढ मंदावते का, हे तुम्ही पाहत होतात. मग रीडमीत असलं काहीतरी हवं:

'वाढ_मोजणी.सीएसव्ही: प्रत्येक ओळ म्हणजे एका प्लेटच्या एका खळग्याचं एक वाचन. रकाना "तापमान": इनक्युबेटरवर ठरवलेलं तापमान, अंश सेल्सिअस, प्रत्यक्ष मोजलेलं नाही. रकाना "घनता": ६०० नॅनोमीटरवरचं शोषण, रिकाम्या माध्यमाचं वाचन वजा करून. प्लेट ७ वगळली आहे, कारण रात्री वीज गेली होती. मूळ वाचनं "वगळलेले" या फोल्डरमध्ये आहेत.'

'ठरवलेलं, मोजलेलं नाही' हे तीन शब्द बघा. ते पेपरात कधी येत नाहीत. पण तुमचा निकाल दुसऱ्या लॅबमध्ये का जुळत नाही, याचं उत्तर बरेचदा तिथेच असतं. वगळलेली मोजमापंही द्या, कारणासकट. विश्लेषणाचा कोड असेल तर तो आणि कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली तेही लिहा. कोड नीटनेटका करत बसू नका. ओबडधोबड, पण चालणारा कोड न दिलेल्या सुंदर कोडपेक्षा कधीही बरा.

'काहीच निघालं नाही' हे लिहायचं कसं

शून्य निकालाचं टिपण लिहिताना सगळ्यात मोठी गल्लत होते ती 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' या दोन वाक्यांत. पी-मूल्य (खरा परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा जास्त आलं म्हणून परिणाम शून्य आहे, असं सिद्ध होत नाही.

वरचंच उदाहरण घ्या. जिवाणूंची संख्या दुप्पट व्हायला एरवी ३० मिनिटं लागतात. संयुग घातल्यावर सरासरी १ मिनिट जास्त लागलं. आता ९५ टक्के विश्वासांतर (खरा फरक ज्या टप्प्यात असावा असा अंदाज, तो टप्पा) -१ ते ३ मिनिटं असेल, तर तुम्ही ठामपणे म्हणू शकता की या परिस्थितीत या संयुगाचा मोठा परिणाम असण्याची शक्यता फारच कमी आहे. ही कामाची बातमी आहे. पण तेच अंतर -१० ते १२ मिनिटं असेल, तर प्रयोगाने काहीच सांगितलेलं नाही. परिणाम मोठा असू शकतो, नसूही शकतो. दोन्ही वेळा पी-मूल्य ०.०५ च्या वरच येईल. म्हणून आकडा आणि विश्वासांतर दोन्ही द्या आणि किती मोठा परिणाम आपल्या प्रयोगाला दिसू शकला असता, ते सांगा.

दुसरं, प्रयोग मुळात चालत होता याचा पुरावा द्या. ज्या प्रतिजैविकाने वाढ नक्की थांबते, ते वापरलेल्या खळग्यांत वाढ थांबली होती का? थांबली असेल तर तुमची पद्धत परिणाम पकडू शकत होती, असं वाचणाऱ्याला पटतं. ही तुलनेची बाजू नसेल तर 'निकाल शून्य' आणि 'प्रयोग बिघडला' यांत फरक करता येत नाही, आणि तसं टिपणात सरळ लिहावं. प्रकल्प अर्ध्यावर का थांबला, हेही लिहा. पैसे संपले, विद्यार्थी गेला, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र निकाल आवडले नाहीत म्हणून थांबवला असेल, तर तेही सांगावं लागतं.

शीर्षकात निकाल येऊ द्या. 'अमुक संयुगाचा अभ्यास' असं शीर्षक शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. 'अमुक संयुगाने ३७ अंशांवर अमुक जिवाणूची वाढ मंदावल्याचं आढळलं नाही' हे लांबलचक आहे, पण कामाचं आहे. टिपण दोन-तीन पानांचं पुरे. प्रस्तावनेत विषयाचा इतिहास उगाळायची गरज नाही. वाचणारा त्या विषयातलाच असतो.

कुठे ठेवायचं

स्वतःच्या वेबसाइटवर किंवा गुगल ड्राइव्हवर नको. नोकरी बदलली की लिंक मेली. कायमचा डीओआय (न बदलणारा ऑनलाइन ओळख क्रमांक) देणारी रिपॉझिटरी हवी.

डेटा, कोड, पोस्टर, टिपण असं काहीही असेल आणि विषयाची खास रिपॉझिटरी नसेल, तर माझी पहिली पसंती झेनोडो. सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने युरोपातल्या ओपनएअर प्रकल्पाबरोबर २०१३ मध्ये ती सुरू केली. मोफत आहे आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली बसतात. ओएसएफ आणि फिगशेअर हेही चांगले पर्याय आहेत. जनुकक्रम, प्रथिनांच्या रचना अशा गोष्टींसाठी मात्र त्या-त्या विषयाच्या ठरलेल्या डेटा बँका आहेत, तिथेच द्याव्यात, कारण लोक तिथेच शोधतात.

प्रीप्रिंटसाठी भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र असेल तर आर्काइव्ह. पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉसमध्ये सुरू केलेली ही सेवा पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेली. नवख्या लेखकाला तिथे त्या विषयातल्या जुन्या लेखकाची शिफारस लागू शकते, तेव्हा शेवटच्या दिवशी खातं उघडू नका. जीवशास्त्रासाठी २०१३ पासून बायोआर्काइव्ह आहे. तिथे सादर करताना 'नवे निकाल', 'पुष्टी करणारे निकाल' आणि 'विरोधी निकाल' असे प्रकार निवडता येतात, म्हणजे आधीच्या पेपराशी न जुळणाऱ्या निकालालाही तिथे हक्काची जागा आहे. रुग्णांशी संबंधित संशोधन २०१९ मध्ये सुरू झालेल्या मेडआर्काइव्हवर जातं. तिथली छाननी कडक असते आणि ते योग्यच आहे. प्रीप्रिंट एकदा लागला की पुसता येत नाही. फार तर 'मागे घेतला' असा शेरा मारता येतो.

झेनोडोवर प्रत्यक्ष अपलोड

ओआरसीआयडी नसेल तर आधी तो काढा. १६ अंकी ओळख क्रमांक आहे, मोफत मिळतो आणि एकाच नावाचे दहा संशोधक असले तरी तुमचं काम तुमच्याच नावावर राहतं. त्याच खात्याने झेनोडोत शिरता येतं. पहिल्यांदाच करत असाल तर झेनोडोची सरावासाठी वेगळी सँडबॉक्स साइट आहे, तिथे हात साफ करून घ्या.

नवीन अपलोड उघडून फाइली टाका आणि डीओआय आधीच राखून ठेवा. म्हणजे तो क्रमांक रीडमीत आणि टिपणात लिहून, फाइली पुन्हा चढवून मग प्रकाशित करता येतं. प्रकार निवडा, लेखकांची नावं ओआरसीआयडीसकट घाला आणि वर्णनाच्या जागी निकाल स्पष्ट लिहा, कारण शोधयंत्रांना तोच मजकूर सापडतो. 'संबंधित काम' या भागात मूळ पेपर, कोड, प्रोटोकॉल यांचे डीओआय द्या. ही जागा लोक रिकामी सोडतात आणि मग डेटा एकीकडे, पेपर दुसरीकडे राहतो. प्रकाशित करण्याआधी एकदा सगळ्या फाइली दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून बघा. नंतर वर्णन सुधारता येतं, पण फाइली बदलायच्या तर नवी आवृत्ती काढावी लागते. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक सामाईकही असतो. पेपरात उल्लेख करताना वापरलेल्या आवृत्तीचाच द्या.

परवाना

परवाना न लिहिता टाकलेली फाइल दिसते, पण ती वापरायची मुभा आहे की नाही हे कुणालाच कळत नाही. लेखनासाठी सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) बाय: नाव द्या आणि हवं ते करा. डेटासाठी सीसी झिरो, म्हणजे कसलीच अट नाही, हे बरं, कारण शेकडो डेटासेट एकत्र करणाऱ्याला प्रत्येकाच्या अटी सांभाळणं अशक्य होतं. श्रेय बुडेल ही भीती फारशी खरी नाही. विज्ञानात उल्लेख करण्याची रीत कायद्यावर अवलंबून नसते. 'व्यावसायिक वापर नको' ही अट ऐकायला चांगली वाटते, पण व्यावसायिक म्हणजे काय याची रेघ धूसर आहे आणि अशा अटीने सज्जन माणूसच बिचकतो. 'बदल नको' ही अट तर डेटावर लावूच नका. कोडला क्रिएटिव्ह कॉमन्स नको. त्यासाठी एमआयटी किंवा जीपीएलसारखा सॉफ्टवेअरचा परवाना घ्या.

जर्नलचं काय?

'आधी टाकलं तर जर्नल घेणार नाही' ही भीती जुनी आहे. १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलचे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी, इतरत्र आधी प्रसिद्ध झालेलं घेणार नाही असा नियम केला आणि तो इतरांनीही उचलला. आज बहुतेक विज्ञान जर्नलांना प्रीप्रिंट चालतो. तरी तुमच्या जर्नलचं धोरण जिस्क या ब्रिटिश संस्थेच्या ओपन पॉलिसी फाइंडर या साइटवर बघून घ्या. जुन्या लोकांना ही सेवा शेर्पा रोमिओ या नावाने माहीत असेल.

तिथेच आणखी एक गोष्ट कळते: छापून झालेल्या पेपरची कोणती प्रत, किती काळाने, कुठे ठेवता येते. बहुतेक प्रकाशक स्वीकृत हस्तलिखित, म्हणजे परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त केलेली पण प्रकाशकाने मांडणी न केलेली प्रत, संस्थेच्या रिपॉझिटरीत ठेवू देतात. काही ठिकाणी काही महिने थांबावं लागतं. ही प्रत पेपर स्वीकारला गेल्याच्या दिवशीच जपून ठेवा. दोन वर्षांनी ती कुणाकडेच सापडत नाही. खुल्या प्रवेशासाठी पैसे मोजावेच लागतात, असा समज 'नेचर'ने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ९,५०० युरोंसारख्या शुल्कांमुळे पसरलाय. स्वीकृत प्रत ठेवायला एक पैसाही लागत नाही. तसंच, 'चार दिवसांत छापतो, शुल्क भरा' असे ईमेल धाडणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका. नाव डीओएजेच्या, म्हणजे खुल्या जर्नलांच्या निर्देशिकेच्या, यादीत आहे का, एवढं तरी आधी पाहा.

टाकल्यानंतर

डीओआय मिळाला म्हणजे लोकांना कळलं असं होत नाही. तुमचा निकाल ज्या पेपराला छेद देतो किंवा दुजोरा देतो, त्याच्या लेखकांना दोन ओळींचा सभ्य ईमेल पाठवा. पुढच्या पेपरात स्वतःच्या डेटासेटचा उल्लेख संदर्भसूचीत करा, नुसता कंसात नाही. कुणी चूक दाखवली तर नवी आवृत्ती काढून काय बदललं ते वर्णनात लिहा.

पुढचा प्रयोग सुरू करण्याआधी मात्र ओएसएफवर त्याची पूर्वनोंदणी करून टाका: प्रश्न काय, किती नमुने, कोणतं विश्लेषण, काय झालं तर काय मानणार. कल्पना चोरीला जाईल असं वाटत असेल तर ही नोंदणी चार वर्षांपर्यंत झाकून ठेवता येते. तारखेचा शिक्का पहिल्या दिवसाचाच राहतो. निकाल शून्य आला, तर टिपणाची पद्धतीची पानं तोवर लिहून झालेली असतात. फक्त आकडे भरायचे उरतात.